प्लगचं तोंड बघा

गाडी मिसिंग करू लागली की आपण लगेच म्हणतो, प्लग बदला. आधी तो काढून त्याचं तोंड तर बघा.

कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे २०,००० च्या आसपास व्होल्ट करते, तेव्हा प्लगच्या मिलिमीटरभर फटीत ठिणगी पडते. चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर एकेका प्लगमध्ये सेकंदाला २५ वेळा!

लडाखमध्ये आमच्या पेट्रोल जोंगांचे प्लग काळे पडायचे. खारदुंग लाच्या १७,५०० फुटांवर हवा जेमतेम निम्मी, पण कार्ब्युरेटर पेट्रोल सोडणार खालच्याच हिशेबाने. मग काजळी धरते. काजळीतून वीज वाहते, त्यामुळे ती फट ओलांडायचे कष्ट घेतच नाही. चिनी मातीवरून सरळ बॉडीत उतरते. ठिणगी बंद. नवा प्लग घातला तरी तोही काळा होणार, कारण दोष मिश्रणात आहे.

फिकट तपकिरी तोंड असेल तर निश्चिंत राहा. तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह तपासा. पांढरं, फोड आलेलं दिसलं तर मात्र तशी गाडी घाटात घालू नका. पिस्टनला भोक पडू शकतं.

आणि हो, प्लग काढायचा तो इंजिन थंड झाल्यावरच. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले, तर प्लगपेक्षा ते काम कितीतरी महागात पडतं.