म्हातारपणाचे ताट



आम्ही डॉक्टर नव्हे. हमाल-मजुरांच्या संघटनेत ज्यांचे आयुष्य गेले आणि मिळेल ते पुस्तक वाचून जे शिकले, त्यांच्यापैकी आम्ही. मग आहारावर आम्ही काय बोलणार, असे कोणी विचारील. उत्तर एवढेच की, मजुराचे भांडवल म्हणजे त्याचे स्नायू. हे भांडवल म्हातारपणी जाते कोठे, याचा हिशेब आम्हीच मागावयास हवा.

अडतीवर क्विंटलाचे पोते पाठीवर घेणारा गडी सत्तरीत पाण्याची घागर उचलू शकत नाही. आपण म्हणतो, वय झाले. वय झाले हे खरे. पण सगळे वयानेच झाले, हे खरे नव्हे. स्नायूंची झीज तरुणपण ओसरताच सुरू होते, साठीनंतर वाढते. १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने तिला 'सार्कोपेनिया' हे नाव दिले. ताटातील प्रथिने कमी पडली आणि हालचाल थांबली की ही झीज धावू लागते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धडधाकट वृद्धांना दहा दिवस खाटेवर ठेवले, तर त्यांच्या पायांतील मांस सुमारे एक किलोने घटले!

उलट बाजूही ऐका. बोस्टन शहरातील एका वृद्धाश्रमात डॉ. मारिया फिआटारोन यांनी शंभर दुर्बल रहिवाशांवर प्रयोग केला. तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. दहा आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीने वाढली. ज्यांना नुसते पूरक अन्न दिले, त्यांची मात्र वाढली नाही. म्हणजे अन्न हवे आणि हालचालही हवी. म्हाताऱ्याला खाटेवर निजवून ठेवणे ही सेवा नव्हे.

आपल्याकडे बहुतेक वृद्ध घरीच असतात. पण मुलगा-सून ऊसतोडीला गेली की चार-पाच महिने ते घरच वृद्धाश्रम होते, आणि त्याला ना व्यवस्थापक, ना स्वयंपाकी. दात गेलेली म्हातारी पातळ वरणाच्या पाण्यात भाकरी कुस्करते आणि पोट भरल्याचे समाधान मानते. २०१७-१८ च्या देशव्यापी पाहणीत साठीपुढील शंभरांत सुमारे सत्तावीस माणसे कमी वजनाची आढळली, यात नवल ते काय?

हिशेब करा. पन्नास किलोच्या वृद्धाला रोज निदान पन्नास ग्रॅम प्रथिने हवीत, असे तज्ज्ञ सांगतात. रेशनचे माणशी पाच किलो धान्य म्हणजे दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमही नव्हे. ते सारे गहू धरले, तरी प्रथिने वीस ग्रॅमच्या आसपास. उरलेली तीस कोठून आणावयाची? श्रावणबाळ योजनेचे अनुदान २०२३ साली दरमहा १,५०० रुपये झाले. म्हणजे रोजचे पन्नास. त्यात औषध, मीठमिरची आणि डाळही!

म्हणून आमची पहिली मागणी ही की, वृद्धांच्या रेशनवर दर महिन्याला तूरडाळ मिळावी; शंभर ग्रॅम डाळीत बावीस ग्रॅम प्रथिने असतात. प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी निवास असावा, असे २००७ चा कायदा सांगतो. तेथे खाटा किती, एवढेच विचारू नका. ताटात डाळ किती आणि दर महिन्याला वजन घेता काय, हेही विचारा.

घरी काय करावे? घट्ट वरण आधी म्हातारीला वाढा. शेंगदाण्याचा कूट, दही, चालत असेल तर अंडे द्या. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारा. खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसायला लावा, सोबत उभे राहून. आणि ज्यांची मुले तोडीवर गेली आहेत, त्या शेजारच्या घरात संध्याकाळी एक वाटी घेऊन जा. सरकारचे सरकार करील. ही वाटी मात्र आजच निघू शकते.