वजन न उचलता होणारी स्पर्धा



२००२ मध्ये बुसान
आणि २००६ मध्ये दोहा येथे झालेल्या
आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये
शरीरसौष्ठवाचाही समावेश होता.

या खेळात वजनगट असतात,
मात्र मंचावर कोणीही वजन उचलत नाही;
पाहिली जाते ती स्नायूंची घडण,
प्रमाणबद्धता, म्हणजे अवयवांचा एकमेकांशी असलेला मेळ,
आणि रेखीवपणा, म्हणजे कातडीखालून उमटणारी स्नायूंची स्पष्ट रेघ.

पंच स्पर्धकांना शेजारी शेजारी उभे करून
ठरावीक पोझ घ्यायला सांगतात;
समोरून भरदार वाटलेला स्पर्धक पाठ वळवतो,
आणि त्याची पोटरी कमी पडल्याचे तेव्हाच उघड होते.

श्रोतेहो, पुन्हा सांगायचे तर,
येथे वजन उचलले जात नाही, घडवलेले शरीर पारखले जाते.

त्यानंतर स्पर्धक संगीताच्या साथीने स्वतः बसवलेल्या पोझ सादर करतो,
आणि सर्वांगाचे स्नायू आवळलेले असतानाही
चेहरा प्रसन्न ठेवतो,
हे कौशल्य खरोखर थोर आहे.