परसातली दुर्बीण आणि आकाशातली बांगडी

(रौप्यमहोत्सवी कोजागरी संमेलनात सोसायटीच्या गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेतला माणूस म्हणून मला बचतीवर बोला असं सुचवलं होतं. मी म्हणलं, बोलतो की, पण उजेडाच्या बचतीवर.

रात्री मी घरामागच्या परसात काय करत असतो, याची बऱ्याच जणांना उत्सुकता आहे. कुणी पत्रिका घेऊन येतं, कुणी विचारतं, नाना, चंद्रावर पाणी दिसलं का? खरं सांगायचं तर मी आयुष्य संपत आलेल्या ताऱ्यांचे फोटो काढतो. त्यांना ग्रहीय तेजोमेघ म्हणतात. नावात ग्रह असला तरी ग्रहांशी त्यांचा काही संबंध नाही बरं का. विल्यम हर्शेल हा इंग्लंडमधल्या बाथ गावचा संगीतकार. त्यानं 1781 मध्ये स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून, घरामागच्या बागेतून, युरेनस शोधला. पुढं त्याला आकाशात काही गोल, फिकट चकत्या दिसल्या. युरेनससारख्या दिसतात म्हणून त्यानं हे नाव दिलं आणि तेच चिकटलं.

आपल्या सूर्यासारख्या ताऱ्याचं इंधन संपत आलं की तो फुगतो आणि अंगावरचे वायू बाहेर टाकून देतो. मधे उरलेला तप्त गाभा त्या वायूंना उजळवतो. हा देखावा काही दहा-वीस हजार वर्षं टिकतो, ताऱ्याच्या आयुष्यात म्हणजे काहीच नाही. आपल्या सूर्यावर ही वेळ यायला अजून सुमारे पाच अब्ज वर्षं आहेत, तेव्हा सोसायटीचे हप्ते थकवू नका.

माझा सगळ्यात आवडता तेजोमेघ अभिजित ताऱ्याजवळ आहे, यादीतलं नाव एम 57. अगदी बांगडीसारखा. शेजारची मुलं त्याला मेदुवडा म्हणतात, तेही बरोबरच आहे. तो सुमारे अडीच हजार प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे आज माझ्या कॅमेऱ्यात पडणारा उजेड साधारण गौतम बुद्धांच्या काळात तिथून निघालेला. आकाशात त्याचा आकार गुरूच्या बिंबापेक्षा थोडाच मोठा. माझ्या सहा इंची दुर्बिणीतून डोळ्याला तो धुरकट, राखाडी दिसतो. एवढ्या मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत.

कॅमेऱ्याला कळतात, आणि इथं पिग्मी येते. पिग्मी एजंट रोज दुकानदाराकडून दहा-वीस रुपये नेतो, वर्षाअखेरी चांगली रक्कम होते. तसंच मी तीस-तीस सेकंदांचे 120 फोटो काढतो आणि संगणकावर एकावर एक रचतो. तेजोमेघाचा उजेड 120 पट जमा होतो, पण फोटोतली खरखर वाढते फक्त अकरा पट. इतका चांगला व्याजदर मी नोकरीत कुणालाच देऊ शकलो नाही. मग बांगडीच्या आत निळसर हिरवा रंग उमटतो आणि कडेला तांबूस. तो हिरवट उजेड 1864 मध्ये हगिन्स नावाच्या शास्त्रज्ञानं पहिल्यांदा तपासला, तेव्हा हे पृथ्वीवर नसलेलं एखादं मूलद्रव्य असावं असं लोकांना वाटलं. 1927 मध्ये कळलं की तो साधा ऑक्सिजन, फक्त फार विरळ आणि तापलेला.

अडचणी आहेतच. पृथ्वी फिरते, म्हणून दुर्बिणीला मोटर लावून ताऱ्याच्या मागं फिरवावी लागते आणि त्या मोटरचा आस ध्रुवताऱ्याकडं रोखावा लागतो. आपल्याकडं ध्रुव क्षितिजावर जेमतेम 18 अंश. उत्तरेला कुणाची पाण्याची टाकी असली की कारभार आटोपला. गच्चीवर कुणी चाललं तरी फोटो हलतो, म्हणून परस बरं. अभिजित मध्यरात्री डोक्यावर येतो तो जुलैत, भर पावसाळ्यात. उरले एप्रिल-मे आणि आताचे दिवस. पण आपल्या बाजूनंही काही आहे. कुंभ राशीत हेलिक्स नावाचा मोठा तेजोमेघ आहे. लंडनमधून तो क्षितिजापासून 18 अंशही वर चढत नाही, आपल्या शिरूर अनंतपाळला 51 अंशांवर येतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रात्री आठच्या सुमारास. लक्ष्मीपूजनाची अमावास्या त्याला फार चांगली, पण त्या रात्री फटाक्यांच्या धुरात मी काय बोलणार?

आता मूळ मुद्दा. सेक्रेटरी साहेब, रागावू नका.

93 च्या भूकंपानंतर आपल्यापैकी वयस्कर मंडळी कित्येक महिने अंगणात झोपली. मी तारे तेव्हाच ओळखायला शिकलो. पंचवीस वर्षांपूर्वी इथं प्लॉट घेतले तेव्हाही आकाशगंगा स्पष्ट दिसायची. आता फक्त लाईट गेली तरच दिसते. जुने पिवळे सोडियमचे दिवे मोजक्याच रंगांचा उजेड देत, तो फिल्टरनं अडवता यायचा. पांढऱ्या एलईडीत निळा-हिरवा सगळाच असतो, म्हणजे नेमका माझ्या ऑक्सिजनचा रंगही. आणि रौप्यमहोत्सवानिमित्त कंपाऊंडवर आठ एलईडी फ्लडलाइट लावायचा ठराव पुढच्या सभेत येतोय.

रात्रपाळीहून येणाऱ्या मुलींना उजेड हवा, चोरीचीही भीती आहे. मला ते मान्य आहे. माझं म्हणणं इतकंच, की दिवे खाली तोंड करून लावा, वरून टोपी घाला, पिवळसर घ्या आणि अकरानंतर माणूस आला की लागतील असे सेन्सर बसवा. डोळ्यांवर येणाऱ्या झोताच्या मागं चोर उभा असला तरी दिसत नाही, हे वॉचमनला विचारा. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी, वाघोली अशा गावांतले रस्त्यावरचे दिवे जमिनीकडं वळवले. गावं अंधारात गेली नाहीत. आत्ता दुधात चंद्र दिसावा म्हणून आपणही गच्चीवरचे दिवे घालवलेच की.

आज पूर्ण चंद्र आहे, म्हणून दुर्बीण सुट्टीवर. येत्या शनिवारी चंद्र उशिरा उगवेल. सात वाजता परसात या, सभेला मत द्यायच्या आधी बांगडी बघून घ्या. मोबाइल खिशात ठेवायचा. टॉर्च आणलीच तर तिला लाल जिलेटिनचा कागद लावा. तो माझ्याकडं मिळेल.