मोबाईलवरचं भाषण



१४ एप्रिलला एका मुलानं मोबाईलवरून उतरवलेलं भाषण केलं. देहूरोडला बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती १९५६ साली बसवली म्हणाला. आम्ही टाळ्या वाजवल्या! चूक आमचीही. ती स्थापना २५ डिसेंबर १९५४ ची. १९५६ हे नागपूरच्या दीक्षेचं साल. देहूरोड आपल्या उशाशी, आणि आपल्यालाच साल ठाऊक नसावं?

मोबाईल जरूर वापरा, पण शासनानं १९७९ पासून छापलेल्या बाबासाहेबांच्या खंडांशी ताडून बघा. अठराव्या खंडात तर मराठी भाषणंच आहेत. कुठून घेतलं तेही सांगा. दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून वाचणं हेही अदिन्नादानच, पंचशीलात आपण रोज म्हणतो ते. खंड विहाराच्या कपाटात आहेत, किल्ली आमच्याकडे. आमची दुसरी पाळी नसेल तेव्हा संध्याकाळी या.