कॅशियरच्या खिडकीतून एसीपीच्या खुर्चीत
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेले भाषण)



समितीने मला आवडीचा विषय घ्यायला सांगितलं. या वयात मी अध्यात्मावर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. मी बोलणार आहे 'सीआयडी' मालिकेवर. हसू नका, शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे.

माझी ओळख 'सीआयडी'च्या थोरल्या भावापासून झाली. ऐंशीच्या दशकात मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही फ्लाइंग रानीच्या डबल डेकरमध्ये वरच्या मजल्यावर जागा धरून दादरला मावशीकडे जायचो. तिथे मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका पाहिली. नावातच पोलिसांचा फोन नंबर. पोलिसांच्या खऱ्या तपासांवर बेतलेल्या गोष्टी. त्यात बंदुकीपेक्षा प्रश्न विचारणं जास्त. शेजारी काय म्हणाले, दुकानदाराने कोणाला पाहिलं, पावतीवर तारीख कोणती, अशा साध्या धाग्यांवरून तपास पुढे सरके. पोलीस अधिकारी होते शिवाजी साटम आणि मालिका करणारे बी. पी. सिंग.

सिंग मराठी नव्हेत. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये कॅमेरा शिकले आणि १९७३ मध्ये मुंबई दूरदर्शनवर बातम्यांचे कॅमेरामन झाले. बातमीसाठी घटनास्थळी जाणाऱ्या माणसाची नजर त्यांच्या मालिकांत दिसते. हीच जोडी १९९८ च्या जानेवारीत सोनी वाहिनीवर 'सीआयडी' घेऊन आली. २०१८ पर्यंत ती अखंड चालली, दीड हजारांहून जास्त भाग झाले आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात आपल्या सोसायट्यांत एक पिढी लहानाची मोठी झाली. दार उघडलं नाही की मुलं दयाला हाका मारायची, मग घर पटेलांचं असो की पाटलांचं.

आता मुद्द्याचं. हे साटम आले कुठून? ते सेंट्रल बँकेत कॅशियर होते. दिवसभर नोटा मोजायच्या आणि संध्याकाळी तालीम. आंतरबँक नाट्यस्पर्धेत बाळ धुरींनी त्यांना पाहिलं आणि 'संगीत वरद' नाटकात पहिली संधी दिली. बाळ धुरी म्हणजे 'रामायण' मालिकेतले राजा दशरथ. ती मालिका इथून मुंबईला जाताना लागणाऱ्या उमरगावला चित्रित झाली, हे इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. दया झालेले दयानंद शेट्टी मूळचे थाळीफेक करणारे खेळाडू, तेही तुळू नाटकांतून पुढे आले. मुंबईत राहून आपल्या भाषेत नाटक करणारी ती मंडळी. आपल्यासारखीच की!

या पायाचा उपयोग किती? २००४ मध्ये 'सीआयडी'चा १११ मिनिटांचा एक भाग एकाच सलग शॉटमध्ये चित्रित झाला. मध्ये कुठेही काटछाट नाही. त्याची गिनीज बुकात नोंद झाली. शंभराव्या मिनिटाला कोणी वाक्य विसरलं, तर पुन्हा पहिल्यापासून. मालिकेत काम करणाऱ्याला एरवी रीटेक मिळतो, नाटकवाल्याला कधीच नाही. त्या दिवशी कामाला आली ती रंगमंचाची सवय, असं मला वाटतं.

आता आपल्याकडे वळतो. एकेकाळी आपल्या गणपतीत दरवर्षी एकांकिका व्हायची. मिलमधले, बँकेतले, शाळेतले आपण सगळे ऑफिस सुटल्यावर जमायचो. पडदा रिंग रोडच्या मार्केटमधून आणलेल्या डागी कापडाचा. एका रहस्यनाट्यात मी हवालदार होतो. फोन वाजायच्या आधीच मी रिसीव्हर उचलून "आलोच साहेब" म्हणालो आणि मग घंटी वाजली. प्रेक्षागृह कोसळलं! पण त्या वर्षी माझं मराठी बोलणं सुधारलं, कारण तालीम घेणारे काका 'न' आणि 'ण'साठी दहा-दहा वेळा थांबवायचे.

गेली काही वर्षं एकांकिका बंद आहे. वेळ नाही, मुलांना पाठांतर जमत नाही, ऑर्केस्ट्रा बोलावणं सोपं पडतं. कोणाला दोष देत नाही, मीही त्या सभेत हात वर केला होता. पण परवा नातू 'सीआयडी' बघताना म्हणाला, "आजोबा, हे एसीपी तर आपल्यासारखे मराठी बोलणारे आहेत ना? मग आपल्यातलं कोणी का नाही जात तिथे?" त्याला मी काय सांगू? तिथे जायचा पहिला जिना आम्हीच काढून ठेवला, असं?

सगळे साटम होणार नाहीत, व्हायचीही गरज नाही. पण घरात मराठी कळतं आणि उत्तर गुजरातीत किंवा हिंदीत येतं, त्या मुलांना चार पानं मराठी तोंडपाठ करून तीनशे माणसांसमोर बोलायला लावणारी दुसरी जागा सुरतेत मला तरी माहीत नाही.

म्हणून मागणं एवढंच. पुढच्या वर्षी एक संध्याकाळ एकांकिकेला द्या. रहस्यनाट्य घ्या, मुलं आपणहून येतील. एसीपी नव्या पिढीतला निवडा. हवालदाराचं काम मात्र माझं, या वेळी घंटी वाजेपर्यंत थांबेन.

गणपती बाप्पा मोरया!