पुरावा कोणी द्यायचा?



अ‍ॅडमिरल एल्मो झुमवाल्ट व्हिएतनाम युद्धात तिथल्या अमेरिकन आरमाराचे प्रमुख होते. मेकाँगच्या अरुंद खाड्यांतून त्यांच्या गस्ती नौका जात, आणि काठावरच्या झाडीतून गोळ्या येत. झाडी हटावी म्हणून त्यांनी एजंट ऑरेंज हे तणनाशक फवारायला लावलं. त्याच पाण्यात एका नौकेवर त्यांचा थोरला मुलगा अधिकारी होता. पुढे त्याला लसिका ग्रंथींचा कर्करोग झाला आणि १९८८ मध्ये तो गेला. कर्करोग फवारणीनेच झाला, असं वडील मानत. तरीही, त्या वेळी कितीतरी पोरांचे जीव वाचले, म्हणून आपण तोच हुकूम पुन्हा दिला असता, असंही ते म्हणत.

१९६२ ते १९७१ या काळात व्हिएतनामवर सुमारे सात कोटी लिटर तणनाशकं फवारली गेली. एजंट ऑरेंजमध्ये डायॉक्सिन हे विष होतं. ते शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं.

आता सैनिकाच्या दाव्याकडे वळू. अमेरिकेत अपंगत्वाचा भत्ता मागणाऱ्या माजी सैनिकाला साधारणपणे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: आज आजार आहे, नोकरीत असताना काहीतरी घडलं होतं, आणि या दोन्हींचा संबंध आहे. गोळी लागली असेल तर जखम दिसते, इस्पितळाचा कागद असतो. पण अंगावर पडलेल्या फवाऱ्याची नोंद कोण करतो? आजार उगवतो तीस वर्षांनी, तोवर डॉक्टर विचारतात, सिगारेट ओढत होतात का?

नेवाडाच्या वाळवंटात अणुचाचण्यांच्या वेळी उभं केलेल्या सैनिकांची गत याहून वाईट. त्यांना तोंड उघडायची मनाई होती. आणि १९७३ मध्ये सेंट लुईसच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत जुन्या सैनिकांच्या दीड कोटीहून अधिक फायली जळाल्या. म्हणजे कागद सरकारच्या ताब्यात जळाला, आणि तो दाखवायची जबाबदारी मात्र सैनिकाची.

१९९१ च्या एजंट ऑरेंज कायद्याने व्हिएतनामच्या सैनिकांवरचं हे ओझं उचललं. तुम्ही युद्धकाळात व्हिएतनाममध्ये होतात आणि यादीतला आजार तुम्हाला आहे, एवढं दाखवलं की संबंध सरकार गृहीत धरणार. यादी वाढत गेली. प्रोस्टेटचा कर्करोग, टाइप दोनचा मधुमेह, पार्किन्सन्स, हृदयविकार. टीकाकार म्हणतात, साठीच्या माणसाला मधुमेह फवारणीशिवायही होतो. मग काहींना फुकटचा लाभ मिळतो. मिळत असेलही. मला विचाराल तर दहा खऱ्या रुग्णांना दारातून परत पाठवण्यापेक्षा ती चूक परवडली. आणि एखाद्या माणसाच्या शरीरात कोणत्या पेशीला कशाने इजा झाली, हे कोणताच डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही.

गृहीत धरायचं म्हटलं की कुंपण घालावं लागतं, आणि कुंपणाबाहेर कोणीतरी राहतोच. किनाऱ्यालगत तैनात असलेल्या जहाजांवरच्या खलाशांना कित्येक वर्षं सांगण्यात आलं, की तुमचा पाय जमिनीला लागला नाही, म्हणून तुम्ही यादीत बसत नाही. फवारा मिसळलेल्या समुद्राच्या पाण्याची वाफ करून तेच पाणी ते पीत होते, हा त्यांचा युक्तिवाद. त्यांच्यासाठी कायदा व्हायला २०१९ उजाडलं.

पुढे इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकन तळांवरचा कचरा उघड्या खड्ड्यांत जाळला जाई. प्लॅस्टिक, बॅटऱ्या, दवाखान्याचा कचरा, सगळं विमानाचं इंधन ओतून पेटवायचं. इराकमधल्या बलद तळावरचा असा खड्डा तर कुप्रसिद्धच होता. त्या धुराने आजारी पडलो म्हणणाऱ्यांचे बहुतेक दावे फेटाळले गेले. कारण तेच जुनं, संबंध सिद्ध होत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी पॅक्ट कायद्यावर सही केली आणि वीसहून अधिक आजार या धुराशी जोडले गेले. त्याच कायद्याने व्हिएतनामच्या यादीत उच्च रक्तदाबही घातला.

हे सगळं झालं अमेरिकन सैनिकांचं. ज्यांच्या शेतांवर आणि विहिरींवर फवारा पडला, त्या व्हिएतनामी लोकांनी २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात रासायनिक कंपन्यांविरुद्ध दावा लावला. पुढच्याच वर्षी तो फेटाळला गेला, आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायलाही नकार दिला. दानांग विमानतळाच्या मातीतलं डायॉक्सिन मात्र अमेरिकेच्या पैशाने काढलं गेलं. ते काम २०१८ मध्ये पुरं झालं.