मंडईले येजो



स्नेहसंमेलनाचा मांडव आणि पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या नाटकाचा मांडव एकाच हंगामात उभे राहतात. हलका धान घरात आलेला असतो, भारी धानाची चुरणी आटोपत आलेली असते आणि हातात थोडा पैसा खुळखुळत असतो. दिवाळीच्या भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया सुरू होतात, त्या पार थंडी सरेपर्यंत. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या खेड्यांतून या सभागृहात येऊन बसलेल्या मुलामुलींना हे नव्याने सांगायला नको. पण यंदा आजीच्या गावच्या मंडईला कितीजण गेले, असं विचारलं तर वर येणारे हात थोडेच असतील. आजचं बोलणं त्याबद्दल आहे.

मंडई ठरवण्याची पद्धत मोठी हुशारीची. शेजारशेजारच्या गावांच्या मंडया एका दिवशी पडणार नाहीत असं जमवायचं, म्हणजे या गावच्या लोकांना त्या गावी पाहुणे म्हणून जाता येतं आणि आठवड्याने त्यांना आपल्याकडे बोलावता येतं. सासरी गेलेल्या लेकी येतात, जावई येतात, जावयाचे आईबाप येतात. दिवसा बाजार भरतो. जिलेबी, शिंगाडे, ऊस, बांगड्या, पोरांची खेळणी असतात. कुठे दंडार, कुठे खडी गंमत असे लोककलेचे खेळ. घराघरात नव्या तांदळाचा भात शिजतो आणि कोंबडीचा रस्सा उकळतो. रात्री जेवणं उरकली की सगळं घर तणीस, चटई, घोंगडी घेऊन नाटकाच्या मांडवाकडे निघतं. पहाटेपर्यंत नाटक चालतं आणि त्याच मांडवात कुणाच्या तरी सोयरिकीची बोलणीही होऊन जातात.

या सगळ्यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. फार दिवसांनी म्हाताऱ्या माणसाला भेटायला जाणं अवघड असतं. पाच वर्षं न फिरकलेला नातू अचानक दारात उभा राहिला की आजोबांच्या मनात पहिला प्रश्न येतो, याचं काही काम असेल का? वाटणीचं, सहीचं, पैशाचं? नातवालाही बोलायला काही सुचत नाही. तब्येत विचारून झाली, पाऊसपाणी विचारून झालं, मग दोघंही अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहत बसतात. मंडई ही अडचण मुळातच काढून टाकते. पाहुणा मंडईला आलेला असतो, नाटकाला आलेला असतो. म्हाताऱ्यांची भेट त्या निमित्तात आपोआप होऊन जाते. इतके दिवस का आला नाहीस, हा प्रश्न विचारायची गरज उरत नाही आणि उत्तर द्यायचीही. ज्यांनी ही रीत घालून दिली त्यांना माणसांची चांगलीच पारख असली पाहिजे.

या निमित्ताला नाटकं पुरवणारं गाव म्हणजे वडसा, कागदोपत्री देसाईगंज. हंगामात तिथे नाटक मंडळांच्या कार्यालयांची रांग लागते, गावोगावची मंडळी येऊन आपल्या मंडईच्या रात्रीसाठी नाटक ठरवून जातात. पुण्या-मुंबईचे नटही इथे येऊन हंगाम काढतात. कुरखेडा भागातले परशुराम खुणे यांनी याच रंगभूमीवर पाच हजारांवर प्रयोग केले आणि 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा दिल्लीला झाडीपट्टी कळली. त्या पाच हजार रात्रींत किती मामा-भाचे, किती माय-लेकी वर्षभराने एकमेकांशेजारी बसल्या असतील, याची नोंद कोणत्याही पुरस्कारात होत नाही.

शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं निमित्तही तसंच. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि पटाच्या दाणी, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्या, ओस पडल्या. डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. बैलांच्या बाजूने झालेला युक्तिवाद खोटा नव्हता, हे इथे स्पष्ट म्हटलं पाहिजे. पण मधल्या वर्षांत अनेक गावांतलं पाहुण्यांच्या येण्याजाण्याचं एक निमित्त गेलं होतं, हेही खरं.

आता झाडीपट्टी सोडून दक्षिणेकडे जाऊ. आलापल्लीच्या पुढे निमित्तापेक्षा वाटेचा प्रश्न मोठा. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. डिसेंबर 1973 मध्ये बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले. आईवडील वरोऱ्याला, मुलगा-सून हेमलकशाला, म्हणजे तेव्हाच्या एकाच चंद्रपूर जिल्ह्याची दोन टोकं. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो 26 ऑगस्ट 1982 रोजी. त्या काळी पावसाळा लागला की सगळ्या वाटा बंद, फोन नाही, वीज नाही. पुढे 1990 मध्ये बाबा आणि त्यांच्या पत्नी साधनाताई नर्मदाकाठी कसरावदला जाऊन राहिले. देशाला ठाऊक असलेल्या या घरालाही भेटीसाठी ऋतू पाहावा लागे. त्या जंगलातल्या माडिया घरांची तर गोष्टच वेगळी. त्यांचे सोयरे इंद्रावतीच्या पलीकडे बस्तरात, आणि राज्याची सीमा नदीतून गेलेली.

वरोऱ्याच्या आनंदवनात याहून कडू प्रकार घडला. बाबांनी 1949 साली सुरू केलेल्या या वसाहतीत कुष्ठरोगी आले ते बहुतेक घरातून टाकलेले. 1980 च्या दशकात बहुविध औषधोपचार आले आणि ठरावीक मुदतीत आजार बरा होऊ लागला. माणसं बरी झाली, पण कित्येकांच्या घराची दारं उघडली नाहीत. नदी आडवी नव्हती, रस्ता चांगला होता, रेल्वे स्टेशनही जवळ होतं. तरी अनेकांना भेटायला घरचं कुणी आलं नाही आणि ती माणसं तिथेच म्हातारी झाली. कायदाही समाजाच्या फार पुढे नव्हता. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होऊ शकत असे, ते कलम 2019 मध्ये निघालं. आनंदवनातल्या लोकांनी आपसात लग्नं केली, शेजाऱ्यांतून सोयरे उभे केले, सणवार साजरे केले. नात्यावाचून म्हातारपण निभावायची युक्ती त्यांना शोधावी लागली.

वाट नसणं आणि वाट असून न जाणं, यांतलं दुसरं जास्त लाजिरवाणं आहे. आणि वाटा तर आता होत आहेत. 1 जानेवारी 2025 रोजी एटापल्ली तालुक्यात गर्देवाड्याला अहेरीहून पहिली एसटी पोहोचली, स्वातंत्र्यानंतर 77 वर्षांनी. त्याच वर्षी धानोरा तालुक्यातलं कटेझरी आणि भामरागड तालुक्यातलं मरकणार यांनाही बस मिळाली. गर्देवाड्याची बस सुटली त्याच दिवशी गडचिरोलीत नक्षल चळवळीतील तारक्का हिने आणखी दहाजणांसह शस्त्रं खाली ठेवली. तिने जवळजवळ चार दशकं जंगलात काढली होती. बातम्यांत बक्षिसाची रक्कम आली, गुन्ह्यांची यादी आली. इतक्या वर्षांनी परतणाऱ्या माणसाच्या घरी वाट पाहणारं कोण उरलं असेल, हे विचारायला कुणाला सवड झाली नाही. बंदुकीच्या दोन्ही बाजूंच्या घरांत म्हातारे आईबाप होते, आणि या जिल्ह्यातल्या भेटीगाठींचा हिशेब त्यांच्यावाचून पुरा होत नाही.

गंमत अशी की सध्या म्हातारी माणसंच जास्त फिरताना दिसतात. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना एसटी मोफत, 65 ते 75 वयाच्यांना अर्धं तिकीट, मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट. एखादी आजी आधार कार्ड पदराच्या गाठीला बांधून ब्रह्मपुरीहून आरमोरीला लेकीकडे एकटी निघते. मोटारसायकल असलेला नातू मात्र व्हिडिओ कॉल करून मोकळा होतो. कॉलवर कानाने मंद झालेल्या आजीला निम्मं ऐकू येत नाही, आणि पडद्यावर तिला आपलंच कपाळ दिसत राहतं.

तेव्हा मित्रांनो, संमेलन संपलं की कामाला लागा. नाटकांचा हंगाम होळीच्या आसपासपर्यंत आहे. आजीच्या गावची मंडई होऊन गेली असली तरी जवळपासच्या एखाद्या गावात नाटक असेलच. वडशाला चौकशी केली तर कळेल. आजीला आणि तिच्या घोंगडीला सोबत घ्या. ब्रह्मपुरी आणि वडसा वनविभागात वाघाचं भय खरं आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये पकडलेल्या एका वाघाच्या नावावर तेरा बळी होते. म्हणून रात्री मोटारसायकलने परतू नका. मुक्काम करा आणि परतीसाठी सकाळची एसटी धरा.